टोपलीतला पहिला नाग

पाळायला पहिला विषारी साप कोणता घ्यावा, असं नववीतल्या एका मुलाने मला विचारलं. मोबाईलवर त्याने अमेरिकेतला कुठला तरी व्हिडिओ पाहिला होता. तिकडे काही राज्यांत परवाना काढून विषारी साप घरी ठेवता येतो आणि नवख्याला बहुधा कॉपरहेड सुचवतात, कारण त्याच्या दंशाने माणूस सहसा मरत नाही. आपल्याकडे उत्तर छोटं आहे : 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. साप पकडून घरात ठेवणं हा गुन्हा आहे, बाळा, विषय संपला.

विषय मात्र तिथे संपत नाही. हा प्रश्न आपल्या मुलखात फार जुना आहे आणि त्याचं उत्तर ज्यांनी दिलं त्यांच्यात आपलेच लोक मोठ्या संख्येने होते. गारुडी आणि मदारी. मकनपूरच्या शाह मदार यांच्या सिलसिल्यावरून आलेला 'मदारी' हा शब्द आपण आज शिवीसारखा वापरतो. घरात पोरगं उनाडक्या करू लागलं की आई म्हणते, 'क्या मदारी बनेगा?' सरकारदरबारी गारुडी भटक्या जमातींच्या यादीत आहेत. आपल्या लग्नाच्या दावतीत ते कुठे बसत होते, हे ज्याचं त्याने आठवावं.

मंगरूळपीरच्या दर्ग्याला जाणाऱ्या आमच्या पिढीने ती गोल, झाकणाची टोपली पाहिली आहे. तिच्यात अजगर असे, मांडूळ असे, धामण असे. विषारी म्हणाल तर जवळजवळ नेहमी एकच, नाग. वाशीमच्या वावरात मण्यार आणि घोणसही आहेत. मग नागच का?

कारण नाग आधी सांगतो. अंगाचा पुढचा भाग उभा करतो, फणा काढतो, फुत्कारतो. उभा नाग झेप घेतो ती पुढे आणि खाली, आणि उभा राहिलेल्या अंगाच्या अंदाजाने ती कुठवर पोचेल हे सरावलेल्या नजरेला कळतं. कित्येकदा तो तोंड मिटूनच नुसती धडक देतो. पुंगीच्या सुरावर तो डोलतो असं आपण समजतो. खरं तर त्याची नजर पुंगीच्या हालचालीवर असते, आणि गारुडी ती हालचाल मुद्दाम करतो.

मण्यार याच्या उलट. दिवसा ती वेटोळ्यात डोकं लपवून पडून राहते, म्हणजे खेळ दाखवायला निरुपयोगी. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते तेव्हा पुष्कळदा त्याला दुखतही नाही, खूणही धड दिसत नाही. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते खरी, पण तिचे दात लांब आणि झेप अशी वेगवान की हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. फुरसे चिमुकले आणि चिडके. चौघांतून नाग निवडणं हे देवभोळेपणाचं काम नव्हतं. सापाची वागणूक पिढ्यान्‌पिढ्या पाहून केलेली ती निवड होती, आणि ही विद्या बापाकडून पोराकडे तोंडीच गेली.

या विद्येची काळी बाजूही आहे. नागाचे दात मोडले जात, तोंड शिवलं जाई, नागपंचमीला तहानेने व्याकूळ झालेल्या सापापुढे दूध ठेवलं जाई. असे साप फार दिवस जगत नसत. कायदा आला ते बरंच झालं, असं मला वाटतं.

पण हेही पाहा. 1891 च्या ऑक्टोबरात व्हिएतनामच्या दक्षिणेला बाक-लियूजवळच्या गावात पुराने बाहेर पडलेले नाग घराघरांत शिरले. चाळीस जणांना दंश झाला, चार दगावले. तिथल्या एका गारुड्याने एकोणीस नाग जिवंत पकडून पिंपात भरले. ते पिंप सायगावला आल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरकडे पोचलं आणि त्याच्या पुढच्या संशोधनातून सर्पदंशावरची लस जन्माला आली. काल्मेतने ही हकिगत स्वतः लिहून ठेवली. अधिकाऱ्याचं नाव त्यात आहे, गारुड्याचं नाही. त्याआधी कलकत्त्यात जोसेफ फेअररने भारतातल्या विषारी सापांवर 1872 चा आपला जाडजूड ग्रंथ तयार केला, तेव्हाही प्रयोगातले साप हाताळायला गारुडीच होते.

आपल्याकडे 1972 नंतर टोपली गेली. पुण्यात 1980 मध्ये नीलिमकुमार खैरे यांनी काचेच्या खोलीत 72 विषारी सापांसोबत 72 तास काढले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं, आणि ते धाडस मोठंच होतं. पुढे कात्रजला सर्पोद्यान झालं, गावोगावी सर्पमित्र तयार झाले. शिकलेल्या मुलाने साप धरला की तो सर्पमित्र आणि गारुड्याच्या पोराने धरला की आरोपी, अशी वाटणी मात्र त्याच काळात होऊन गेली.

तामिळनाडूत दुसरी वाट निघाली. तिथले इरुळा आदिवासी कातड्याच्या व्यापारासाठी साप पकडत. तो व्यापार बंद पडला तेव्हा रॉम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने 1978 मध्ये चेन्नईजवळ वडनेम्मेली इथे इरुळांची सहकारी संस्था निघाली. परवान्याने साप पकडायचा, काही आठवडे ठेवायचा, ठरावीक वेळा विष काढायचं, पोटाच्या खवल्यावर खूण करायची आणि सोडून द्यायचा. खूण असलेला साप पुन्हा हाती आला तर लगेच ओळखू येतो. विद्या तीच, नाग तोच, फक्त दात शाबूत. 2023 मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोघा इरुळांना पद्मश्री मिळाली. आपल्या गारुड्यांची अशी संस्था का निघाली नाही? मला वाटतं, तशी मागणी करायला त्यांच्या बाजूने कोणी उभंच राहिलं नाही. सरकार नाही, आणि मशिदीच्या कमिट्या चालवणारे आपण तर नाहीच.

2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. देशातल्या प्रतिविषासाठी लागणारं बहुतांश विष आजही त्या इरुळा संस्थेकडूनच येतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक वेगळं असतं हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे. म्हणजे रिसोडला सोयाबीन कापताना एखाद्या मजुराला नाग चावला, तर दवाखान्यात त्याला जे इंजेक्शन मिळेल ते बहुधा हजारएक किलोमीटर दूरच्या नागाच्या विषावर तयार झालेलं असतं. इथला नाग धरू शकणारी माणसं याच जिल्ह्याच्या वाटांवर फिरत होती.