टाळेबंदीत छोट्या सेंद्रिय शेतांनी तग कसा धरला? विक्री, निविष्ठा, मजूर आणि प्रमाणपत्राची सविस्तर माहिती

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागू झाली. रानात उन्हाळी भाजीपाला तोडणीला आला होता आणि इकडे आठवडी बाजार बंद, हॉटेलं बंद, गाडी मिळेना. एक-दोन एकरांवर सेंद्रिय माल पिकवणाऱ्यांची अडचण दुहेरी होती. दोन पैसे जास्त देणारा शहरातला ग्राहक घरात अडकला होता आणि माल बाजार समितीत नेला तर तो बाकीच्या ढिगात मिसळून त्याच भावात जाणार होता.

नेमकं अडलं कुठे?

शेतीकामावर बंदी नव्हती. केंद्रीय गृह मंत्रालयाने २७ मार्चच्या आदेशाने शेतातली कामे, शेतमालाची खरेदी आणि बाजार समित्यांना सूट दिली होती. अडलं ते वाहतुकीत आणि विक्रीत. रुग्ण सापडू लागल्याने वाशीची मुंबई बाजार समितीसुद्धा ११ ते १७ मे या काळात बंद ठेवावी लागली. पालेभाजी मात्र दोन दिवसांच्या वर थांबत नाही.

थेट विक्रीचा मार्ग

महाराष्ट्रात फळे आणि भाजीपाला जुलै २०१६ मध्येच बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला होता. त्यामुळे शेतकऱ्याने थेट ग्राहकाला माल विकण्यात कायद्याची आडकाठी नव्हती. कृषी विभाग आणि 'आत्मा'च्या मदतीने शेतकरी गटांनी वाहन परवाने काढले आणि पुणे-मुंबईच्या सोसायट्यांच्या गेटपर्यंत माल पोचवला. ऑर्डर व्हॉट्सॲपवर, पैसे मोबाइलवर.

यात गटाचं महत्त्व मोठं. एका शेतकऱ्याकडे एका वेळी तीन-चार भाज्या असतात, घराला आठवड्याला आठ-दहा लागतात. म्हणून पाच-सहा जणांनी मिळून एक पिशवी भरायची, गाडीभाडं वाटून घ्यायचं. आदल्या दिवशी ऑर्डर घेऊन तेवढीच तोडणी केली की नासाडीही कमी होते.

खत-औषध घरचंच

इथे सेंद्रिय शेतकऱ्याची बाजू भक्कम होती. एका एकराच्या जीवामृताला २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, प्रत्येकी दोन किलो गूळ व बेसन आणि बांधावरची मूठभर माती लागते. गूळ-बेसन सोडलं तर सगळं गोठ्यात आणि रानातच मिळतं. दशपर्णी अर्काचा पालाही बांधावरचाच. ज्यांनी गावरान बियाणं धरून ठेवलं होतं, त्यांचं बियाण्यासाठीही अडलं नाही. तयार सेंद्रिय खतं विकत घेणाऱ्यांना मात्र हा फायदा नव्हता.

मजूर आणि पीक

सेंद्रिय शेतीत तणनाशक नाही, त्यामुळे खुरपणीला माणसं जास्त लागतात. बाहेरगावचे मजूर येईनात तेव्हा घरची माणसं आणि सावड यांवरच काम भागवावं लागलं. शहरातून परतलेल्या पोरांचाही हातभार लागला. अशा वेळी पिकाची निवड बदलणं शहाणपणाचं ठरतं: पालेभाजी थोडी, दुधी, भोपळा, कांदा, लसूण, कडधान्य यांसारखा टिकणारा माल जास्त. उरलेला माल वाळवून, डाळ किंवा हळद पावडर करून विकता येतो.

'सेंद्रिय' म्हणायचं कशावरून?

महामारीत अशा मालाची विचारणा वाढली, तशी संशयाचीही. थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाची वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असेल, तर अन्नसुरक्षा नियमांत त्याला प्रमाणपत्रातून सूट आहे. पण 'जैविक भारत' हे चिन्ह प्रमाणपत्राशिवाय लावता येत नाही. लहान शेतकऱ्यांसाठी 'पीजीएस-इंडिया' ही पद्धत परवडणारी आहे. यात किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतो. रूपांतराच्या काळात 'पीजीएस-ग्रीन' आणि तो काळ पूर्ण झाल्यावर 'पीजीएस-ऑरगॅनिक' असा दर्जा मिळतो. गटात एकाने जरी चोरून फवारणी केली, तरी नाव सगळ्यांचं जातं.

पुढे काय टिकतं?

निर्बंध उठल्यावर कोपऱ्यावरचा भाजीवाला पुन्हा सुरू होतो आणि दारात माल मागणारी गिऱ्हाइकं कमी होतात. नियमित पुरवठा, खरं वजन आणि बारमाही लागवडीचं नियोजन असलेल्या गटाला ती टिकवून धरणं सोपं जातं. त्यासाठी चार गोष्टी आधीच तयार हव्यात:

• गटाची नोंदणी आणि सामायिक वाहन
• ग्राहकांची यादी, फोन क्रमांकांसह
• लागवड, निविष्ठा आणि विक्रीची रोजची नोंदवही
• एका हंगामाला पुरेल इतकं घरचं बियाणं

सगळा माल एकाच ठिकाणी विकायची सवय महागात पडते, हे त्या उन्हाळ्यात कळलं. थोडा माल बाजारात, थोडा गटामार्फत आणि थोडा बांधावर विकला, तर एक वाट बंद झाली तरी घर चालतं.