श्रीमंत, वय ४० दिवस

बेअरर चेक आणि कोणाकडेही जाणारं मूल, या दोन गोष्टींत फरक फार थोडा. ज्याच्या हाती पडेल त्याचं! आमची दोन वर्षांची कन्या याच जातीची. दहिसरमध्ये कुठेही बारसं असो, मुंज असो की सत्यनारायण असो, दारातून आत गेल्यावर पाच मिनिटांत ती आमची राहत नाही. कोणाच्या तरी मांडीवर बसून, कोणाच्या तरी बशीतला वेफर खात, ती कोणाला तरी "आजी" म्हणत असते. लोक आम्हा नवराबायकोला नावाने ओळखत नाहीत. तिचे आईबाबा, एवढीच आमची पत.

आता अशा ठिकाणी "एवढ्याशा पोराला कशाला हो आणता गर्दीत?" असं विचारणारे एक काका असतातच. काका, पूर्वी न्यावं लागत नव्हतं. गिरगावातल्या चाळीत मूल गॅलरीत सोडलं की झालं. पहिल्या खोलीत त्याचं दूध व्हायचं, चौथ्या खोलीत वरणभात आणि सातव्या खोलीत झोप. पुढे खोल्या पुरेनात. दहिसर १९५७ साली बृहन्मुंबईच्या हद्दीत आलं आणि गिरगाव-दादरची माणसं हळूहळू इकडे सरकली. चाळीची गॅलरी मात्र तिकडेच राहिली. इकडे मिळाला ब्लॉक. ब्लॉकला दार, दाराला सेफ्टी डोअर आणि त्यालाही बारीक भोक, म्हणजे आलेला माणूस आधी गोल दिसावा! या दाराआडून मुलाला माणसं दिसायची कशी? म्हणून न्यायचं.

पण काकांची शंका अगदीच टाकाऊ नाही. मराठी इतिहासात समारंभांना सर्वांत लहान वयात हजर झालेल्या मुलाची गोष्ट आठवली, की मीसुद्धा जरा गप्प होतो.

३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. गंगाबाई तेव्हा गरोदर होत्या. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर त्यांना मुलगा झाला आणि चाळिसाव्या दिवशी त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. हेच सवाई माधवराव. ज्या वयात मूल मान धरत नाही, त्या वयात त्यांना मानाची वस्त्रं! बँकेच्या भाषेत हे मायनर अकाउंट. खातं मुलाच्या नावावर आणि सही पालकाची. फक्त इथे पालक एक नव्हता. नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके अशी सगळी बारभाई मंडळी पालक होती. आणि चुलत आजोबा राघोबादादा? तेच खातं आपल्या नावावर करा म्हणून इंग्रजांच्या काउंटरवर उभे!

मार्च १७७६ मध्ये कर्नल अप्टनने पुरंदरचा तह केला, तेव्हा श्रीमंतांना दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. म्हणजे आमच्या कन्येहून लहान. १७७७ साली आई गेली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौज शरण आली, तेव्हा श्रीमंत पावणेपाच वर्षांचे होते. त्यांच्या नावाने तह झाले, लढाया झाल्या, मुजरे झडले. पण त्या मुजऱ्यांतला त्यांच्यासाठी एक तरी होता का? सगळे गादीला होते. पुढे त्यांनी पर्वतीजवळ प्राणी पाळले. मला यात नवल वाटत नाही. हरीण मुजरा करत नाही. ऑक्टोबर १७९५ मध्ये, शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडून, वयाच्या एकविसाव्या वर्षी ते गेले.

म्हणून काकांना माझं उत्तर असं : मुलाला समारंभाला जरूर न्यावं, पण दरबारात बसवू नये. "काकांना गाणं म्हणून दाखव", "मावशीला इंग्रजीत नाक कुठंय ते सांग", असं फर्मान सुटलं की समजावं, पोराच्या अंगावर वस्त्रं चढली. आता कौतुक मुलाचं नव्हे, खातं चालवणाऱ्यांचं!

आपल्याकडे मुलाला समारंभाचा मालक करणारा एक चांगला प्रकार आहे, बोरन्हाण. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत काळे कपडे, हलव्याचे दागिने घालून मुलाला पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे. कन्येचं बोरन्हाण यंदा झालं. थाट अगदी पेशवाई! हलव्याचा मुकुट, बाजूबंद, समोर शेजारपाजारच्या बायका मोबाइल सरसावून उभ्या. बोरं ओतली. मुलं खाली वाकून वेचायला लागली. कन्येने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पाटावरून उठली, मुकुट माझ्या हातात दिला आणि त्यांच्यात जाऊन बोरं वेचू लागली.

"अगं, फोटो राहिला!" कोणीतरी ओरडलं.

राहू दे. गादीवरून असं उठून जायची सोय श्रीमंतांना नव्हती.