टीव्हीशेजारचा डबा

लहानपणी बार्शीजवळच्या आमच्या घरात टीव्हीपेक्षा टीव्हीशेजारचा डबा जास्त बोलायचा. संध्याकाळी सातच्या सुमारास एकदा ‘टक’ वाजायचं, मग थोड्या वेळाने ‘टक-टक’. आबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, “व्होल्टेज पडलं.” डब्यावरचा काटा तोवर १७०च्या आसपास लोंबकळत असायचा. त्या डब्याला घरात सगळे ‘स्टपलायझर’ म्हणायचे. मी इंजिनिअरिंगला गेल्यावर तो उच्चार सुधारायचा प्रयत्न केला. कुणी दाद दिली नाही.

तीन वर्षांपूर्वी मी घरी नवीन एलईडी टीव्ही आणि साउंडबार घेतला आणि डबा माळ्यावर टाकला. टीव्हीच्या पाठीवर ‘१००-२४० व्होल्ट’ असं स्पष्ट छापलेलं होतं. १७० झालं तरी चालणार असेल, तर डबा कशाला? त्याऐवजी लाल दिव्याचा स्पाइक गार्ड लावला. आई म्हणाली, “अरे, राहू दे की तो.” मी तिला पाच मिनिटं समजावून सांगितलं.

गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात चिंचेची फांदी तारांवर पडली. घरातला पंखा एकाएकी सुसाट फिरायला लागला, स्पाइक गार्डमधून फट् आवाज आणि धूर आला, टीव्ही काळा झाला. साउंडबारही गेला. फोनवर आई मला काहीच बोलली नाही, हे जास्त लागलं. त्यानंतर या डब्याचा इतिहास मी जरा नीट बघितला.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. रंगीत प्रक्षेपण १९८२मध्ये, एशियाडच्या वर्षी. पुढे ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ आलं, आणि ज्या घरात टीव्ही त्या घरात रविवारी सकाळी अख्खी गल्ली. पण टीव्ही ज्या वेगाने गावात पोचला, त्या वेगाने चांगली वीज पोचली नव्हती. जुन्या भारतीय विद्युत नियमांत घरगुती पुरवठ्याचा दाब ठरलेल्या आकड्यापेक्षा ६ टक्क्यांहून जास्त हलू नये असं होतं. म्हणजे २३० धरले तर साधारण २१६ ते २४४. आमच्या काट्याने हे नियम वाचलेले नव्हते.

त्याची कारणं रानात होती. डीपी एका टोकाला, तिथून निघालेली तार लांबच लांब, आणि तिच्यावर घरं आणि विहिरीवरच्या मोटारी एकत्र. तार जितकी लांब आणि तिच्यातून जाणारा करंट जितका जास्त, तितका दाब वाटेतच गळतो. लोडशेडिंगच्या वर्षांत यात ऑटो स्विचची भर पडली. लाइट रात्री दोनला आली तर उठून रानात कोण जाणार, म्हणून शेतकऱ्यांनी मोटारीला आपोआप चालू करणारा स्विच बसवला. यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण लाइट आली की सगळ्या मोटारी एका क्षणी उचलायच्या, आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. दिवे डिम व्हायचे आणि कधी कधी डीपीच जळायची. पुढे गावठाणाचा फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळा करण्याचं काम झालं, ते यासाठीच.

जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीला हा पडलेला दाब सहन होत नसे. चित्र चारी बाजूंनी आत सरकायचं, अंधारायचं, कधी गुंडाळलं जायचं. म्हणून डबा. १९७७मध्ये कोचीत कोचौसेफ चिट्टिलापिळ्ळी यांनी व्ही-गार्ड ही कंपनी सुरू केली, ती स्टॅबिलायझर बनवण्यासाठीच. आज ती पंखे, पंप, गीझर सगळं विकते, पण तिचा पाया खराब व्होल्टेज आहे. मला हे फार बोलकं वाटतं. वीज कशी असावी हे नियमात लिहिलेलं होतं, आणि ती तशी करून घेण्याचं सामान मात्र प्रत्येक घराने स्वतःच्या पैशाने दुकानातून आणायचं होतं.

डब्याच्या आत फार काही नसतं. तांब्याच्या तारेचं एकच वेटोळं, म्हणजे ऑटोट्रान्सफॉर्मर, त्याला मधेमधे काढलेली टोकं, आणि कोणतं टोक जोडायचं ते ठरवणारे रिले. दाब पडला की रिले वरच्या टोकाला उडी मारतो. तोच टक. आमच्या डब्यात आणखी एक सोय होती, हाय-कट. दाब फारच चढला तर डबा टीव्हीचा पुरवठा सरळ तोडून टाकायचा. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मी विसरलो होतो.

स्पाइक गार्डचं कूळ वेगळं. तो पडलेल्या व्होल्टेजसाठी नाहीच. वीज जवळपास कोसळली किंवा मोठं यंत्र बंद झालं की तारेतून क्षणभराची प्रचंड लाट येते. प्रयोगशाळेत अशी लाट तपासायला जो प्रमाण आकार वापरतात, तो १.२ मायक्रोसेकंदात वर चढतो आणि ५० मायक्रोसेकंदात अर्ध्यावर येतो. रिलेला हलायलाच काही मिलिसेकंद लागतात. म्हणजे डबा टक करेपर्यंत लाट केव्हाच येऊन गेलेली असेल.

यावरचा उपाय जपानमधून आला. मात्सुशिता, म्हणजे ज्यांचं नाव पुढे पॅनासॉनिक झालं, तिथे मिचिओ मात्सुओका झिंक ऑक्साइडच्या सिरॅमिकवर काम करत होते. बिस्मथसारखी थोडी इतर ऑक्साइडं मिसळून ते भाजलं की कणांच्या सीमेवर विचित्र गुण येतो. दाब कमी असेल तर वीज जाऊ देत नाही, ठरावीक मर्यादेपुढे एकदम वाट मोकळी करून देतो. १९७१मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. त्याआधी सिलिकॉन कार्बाइडचे अरेस्टर होते, पण त्यांना सोबत ठिणगीची फट लागायची. हा नवा पदार्थ चवलीएवढ्या चकतीत मावला. एका कणसीमेला साधारण ३ व्होल्ट. आपल्या घरच्या लाइनसाठी वापरतात ती चकती साधारण ४३० व्होल्टला उघडते, म्हणजे एकामागे एक सुमारे १४० सीमा. मी हा भागाकार केला तेव्हा जाम खूश झालो होतो. मग टीव्ही आठवला.

कारण त्या रात्री लाट आलीच नव्हती. फांदीने चारपैकी नेमकी न्यूट्रलची तार तोडली होती. तीन फेजपैकी कोणत्याही दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रल शाबूत असला तर प्रत्येक घराला त्याचे २३० मिळतात. तो तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी जोडली जातात आणि ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात. वाटणी उलटी होते. ज्या फेजवर लोड जास्त तिथे दिवे मंद, आणि ज्या फेजवर लोड कमी तिथे दाब ४००च्या दिशेने चढतो. आमच्या फेजवर त्या वेळी फारसं काही चालू नसावं.

स्पाइक गार्डची चकती मायक्रोसेकंदांसाठी बनलेली. ४०० व्होल्टच्या पुरवठ्याचं टोक ५६५ला जातं, म्हणजे तिच्या ४३०च्या वर, आणि तेही सेकंदाला शंभर वेळा. ती बिचारी वाट मोकळी करत राहिली, तापली, फुटली. मग टीव्हीचा नंबर. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये आत येणारी वीज आधी साठवणारा कपॅसिटर असतो, बहुतेकदा ४०० किंवा ४५० व्होल्टचा. ‘१००-२४०’ हा आकडा खरा होता. मी फक्त त्याची खालची बाजू वाचली.

तारा जोडून झाल्यावर गावातले वायरमन मामा घरी येऊन गेले. आईने त्यांना माळ्यावरचा डबा दाखवला. त्यांनी काटा बघितला, मागचं लेबल वाचलं आणि मला फोनवर म्हणाले, “ह्याला हाय-कट आहे की. हा असता तर डबा गेला असता कदाचित, टीव्ही राहिला असता.” तीस-पस्तीस वर्षांच्या डब्याने ती परीक्षा दिली असती की नाही, कोण सांगणार. पण तत्त्व बरोबर होतं. इतका वेळ टिकणारा दाब गिळता येत नाही, तोडावाच लागतो.

आणखी एक गोष्ट जळलेला स्पाइक गार्ड उघडल्यावर कळली. लाल दिवा नुसता लाइट आहे एवढंच सांगत होता. चकती प्रत्येक लाटेबरोबर थोडी थोडी म्हातारी होते. चांगल्या बोर्डात ती मेली की कळवणारा वेगळा दिवा आणि ती तापली तर तोडणारा फ्यूज असतो. आमच्यात दोन्ही नव्हतं. शिवाय तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन घरात जिथे जाते, तिथला कोळसा-मिठाचा खड्डा शेवटचा कधी भिजवला, कुणालाच आठवत नव्हतं.

पुण्यात माझे काही मित्र ॲम्प्लिफायरसाठी हजारो रुपयांचे पॉवर कंडिशनर घेतात. आत मुख्यतः चोक, कपॅसिटर आणि तीच मात्सुओकांची चकती असते. लाइनवरचा बारीक गोंगाट ते गाळतात, हे खरं. त्याने तबला अधिक ‘उघडा’ ऐकू येतो, यावर माझा विश्वास नाही, कारण ॲम्प्लिफायर स्वतःसुद्धा आत आलेली वीज गाळूनच वापरतो. आणि स्पीकरमधून सतत येणारी घूंऽऽ बऱ्याचदा केबल टीव्हीच्या वायरीतून आणि प्लगमधून असं दोन ठिकाणी अर्थ झाल्यामुळे असते. केबल काढून बघा, फुकट आहे. विजेची लाटही त्या वायरीतून येऊ शकते, तिथे प्लगमधला गार्ड काय करणार?

३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइनने दक्षिणेची ग्रिड बाकीच्या देशाशी जोडली गेली आणि सगळ्या भारताची वीज एका ठेक्यात धावायला लागली. ती लाइन आमच्याच जिल्ह्यात येऊन मिळते. ७६५ केव्हीपासून आमच्या प्लगपर्यंतच्या प्रवासातला शेवटचा टप्पा मात्र चिंचेच्या झाडाखालून जातो.

आता मीटरच्या पुढे मुख्य बोर्डातच दाब चढला किंवा पडला की पुरवठा तोडणारं छोटं रिलेयंत्र बसवलंय. अर्थिंगचा खड्डा नव्याने भरला. टीव्हीला नवीन स्पाइक गार्ड आहे, दोन दिव्यांचा. डबा आईने माळ्यावरून खाली काढून फ्रिजला लावला. परवा फोनवर बोलताना मागे टक ऐकू आलं. “व्होल्टेज पडलं,” आई म्हणाली, आणि आम्ही पुढे बोलत राहिलो.