वस्तीच्या कामासाठी शासकीय निधी: अर्ज कोणी, कुठे आणि कसा करायचा?

वस्तीत अभ्यासिका हवी असते, समाजमंदिराचे छप्पर गळत असते, गटार नसते. अशा वेळी आपली मंडळे आधी वर्गणी काढतात, मग पुढाऱ्याला भेटतात. शासकीय योजनेची आठवण शेवटी होते आणि तोवर आराखडा मंजूर झालेला असतो. हा निधी कुणाचा उपकार नाही, तो आपला हक्क आहे. तो मिळवण्याची रीत आम्ही येथे देत आहोत.

आधी ठरवा: अर्जदार कोण?

शासनाचा पैसा दोन वाटांनी येतो. रस्ता, गटार, पाणी, दिवे, समाजमंदिर ही कामे ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेमार्फत होतात. मंडळाच्या खात्यात पैसे येत नाहीत. वसतिगृह, ग्रंथालय, कला-संस्कृती यांसारख्या उपक्रमांना मात्र नोंदणीकृत संस्थेला थेट अनुदान मिळू शकते. बरेच अर्ज चुकीच्या दारात गेल्यामुळेच पडून राहतात.

वाट पहिली: ग्रामपंचायतीमार्फत

1974 पासून चालत आलेली दलित वस्ती सुधार योजना आज ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्तीचा विकास’ या नावाने जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग राबवतो. निधी वस्तीच्या लोकसंख्येनुसार ठरतो आणि कामे पंचवार्षिक बृहत् आराखड्यातून निवडली जातात. म्हणून:

1. आपली वस्ती आराखड्यात आहे का आणि लोकसंख्या किती नोंदली आहे, हे ग्रामसेवकाकडे तपासा. नोंद कमी असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या.
2. ग्रामसभेत कामाचा ठराव मांडा आणि ठरावाची प्रत घ्या. तोंडी आश्वासन पुरेसे नाही.
3. जागेचा उतारा आणि अंदाजपत्रक जोडून प्रस्ताव पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेकडे गेला का, ते पाहा. आवक क्रमांक लिहून ठेवा.

खासदार निधी वर्षाला 5 कोटी रुपये असतो. त्यातील 15 टक्के रक्कम अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी सुचवावी, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. प्रार्थनास्थळाच्या आतील कामाला मात्र हा निधी चालत नाही. त्यामुळे विहाराच्या बांधकामासाठी त्यावर विसंबू नये. सर्वांना खुली अभ्यासिका किंवा सभागृह मागावे आणि त्याचा वापरही तसाच ठेवावा.

आपल्याला आणखी एक दार खुले आहे. 1990 च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींचा दर्जा मिळाला आणि 1993 मध्ये केंद्राने बौद्धांना अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. प्रधानमंत्री जन विकास कार्यक्रमात शाळा, वसतिगृह, आरोग्य केंद्र अशा कामांचे प्रस्ताव जिल्हास्तरीय समितीमार्फत जातात. याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करा.

वाट दुसरी: संस्थेमार्फत

केंद्राच्या अनुदानासाठी नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ पोर्टलवरील नोंदणी लागते. सामाजिक न्याय मंत्रालयाचे अर्ज ‘ई-अनुदान’ पोर्टलवर भरले जातात. सांस्कृतिक मंत्रालयाची बौद्ध व तिबेटी कला-संस्कृतीसाठी स्वतंत्र योजना आहे. अर्जाआधी ही फाईल तयार ठेवा:

- नोंदणी प्रमाणपत्र आणि घटना
- मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल
- पॅन, बँक खाते, कार्यकारिणीचा ठराव
- धर्मादाय कार्यालयात मंजूर झालेले बदल अर्ज

शेवटच्या मुद्द्यावर अनेक संस्था अडतात. कार्यकारिणी बदलते, पण बदल अर्ज दाखल होत नाही. कागदावर जुनेच विश्वस्त राहतात आणि नव्यांच्या सहीला किंमत उरत नाही. हे काम निवडणुकीनंतर लगेच उरका.

मंजुरीनंतर

पैसा ज्या कामासाठी आला, त्याच कामावर खर्च करा. पावत्या आणि छायाचित्रे जपा, उपयोगिता प्रमाणपत्र मुदतीत द्या. ते थकले की पुढचे अनुदान अडते. हिशेब वस्तीच्या बैठकीतही वाचून दाखवा. संस्थेवरचा विश्वास त्यातूनच टिकतो.

अर्ज अडला तर

माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून विचारा: प्रस्ताव कोणत्या टेबलावर आहे, वस्तीसाठी किती निधी आला, किती खर्च झाला? उत्तर 30 दिवसांत देणे बंधनकारक आहे. शासन निर्णयाची प्रत राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून काढून सोबत ठेवा. ‘अशी योजनाच नाही’ म्हणणाऱ्यासमोर ती ठेवता येते.

प्रत्येक वस्तीतील दोन तरुणांनी तरी ही कागदपत्रे वाचायला शिकावे आणि येत्या ग्रामसभेला ठराव लिहूनच जावे.