विश्रांती नावाची शिक्षा

मी सध्या म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात राहतो. येथे हॉकीचा विषय निघाला की बोलणे हमखास कोडगूकडे वळते. 1997 साली सुरू झालेली घराण्या-घराण्यांमधली हॉकी स्पर्धा हा तेथील अभिमानाचा विषय. अशा गप्पांत आपल्याकडून पुढे करावे असे पहिले नाव म्हणजे पुण्याच्या खडकीतले धनराज पिल्ले. त्यांच्या वेगाविषयी आणि संतापाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रशासनात आयुष्य गेलेल्या मला मात्र त्यांच्या कारकिर्दीतला एक शब्द अधिक अस्वस्थ करतो. तो शब्द म्हणजे ‘विश्रांती’.

डिसेंबर 1998 मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने दक्षिण कोरियाला हरवून सुवर्णपदक मिळवले, ते तब्बल 32 वर्षांनी. कर्णधार होते धनराज. सत्काराचे हार सुकतात न सुकतात तोच ते व आणखी सहा ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर गेले. अधिकृत कारण असे की, त्यांना विश्रांती दिली आहे. या खेळाडूंनी अपुऱ्या सोयी, तुटपुंजे भत्ते आणि न मिळणारे सामनाशुल्क यांविषयी उघड तक्रार केली होती. त्यामुळे ही विश्रांती म्हणजे तक्रारीची शिक्षा होय, असेच सर्वत्र मानले गेले. गंमत अशी की, 1999-2000 चा राजीव गांधी खेलरत्न पुरस्कार याच धनराजना मिळाला. शासनाने गौरवले, त्याआधी महासंघाने घरी बसवले होते.

शासकीय सेवेतील साध्या शिपायालादेखील चौकशीविना आणि बाजू मांडण्याची संधी दिल्याविना सहसा बडतर्फ करता येत नाही. घटनेच्या 311 व्या कलमाचे ते संरक्षण आहे. खेळाडूच्या बाबतीत मात्र ‘निवड झाली नाही’ एवढे म्हटले की भागते. त्याला आदेश लागत नाही, कारण लागत नाही. आणि जेथे आदेशच नाही, तेथे अपील कशावर करावयाचे?

हा रोग केवळ आपला नव्हे. कॅनडातील बर्फावरच्या हॉकीत धंदेवाईक संघ नवे होते, तेव्हाची गोष्ट. 1925 साली हॅमिल्टन टायगर्स हा संघ साखळीत पहिला आला. त्या हंगामात सामने 24 वरून 30 झाले होते, म्हणून खेळाडूंनी प्रत्येकी 200 डॉलर जादा मागितले व ते मिळेपर्यंत अंतिम फेरी खेळण्यास नकार दिला. संघटनेने त्यांना निलंबित केले, प्रत्येकी 200 डॉलरच दंड केला आणि पुढे खेळाडूंचा सारा ताफा 75,000 डॉलरना न्यूयॉर्कला विकला गेला. मागितले तेवढेच दंडात घेणे, यातला धडा कोणालाही समजावा असाच होता.

भारतात 2005 साली प्रीमियर हॉकी लीग आली आणि 2008 नंतर थांबली. व्यवसाय आला, पण व्यवहार लेखी झाला नाही. जानेवारी 2010 मध्ये पुण्याच्या बालेवाडीत, विश्वचषक दोन महिन्यांवर आला असताना, राष्ट्रीय संघाने मानधनासाठी सराव थांबवला. प्रत्येकी 25,000 रुपयांचा देकार खेळाडूंनी नाकारला. हॉकी इंडियाने निर्वाणीचा इशारा दिला आणि काही दिवसांनी तडजोड झाली. देशासाठी खेळता ना, मग पैसा कशाला, हा सूर त्या वेळी ऐकू आला. देशसेवा हे खेळाडूचे भूषण खरेच, पण ते मालकाच्या हातातले हत्यार होता कामा नये.

2011 साली धनराज व काही माजी खेळाडू स्पर्धा आयोगापुढे गेले. मान्यता नसलेल्या लीगमध्ये खेळल्यास राष्ट्रीय संघाचे दार बंद करण्याचा हॉकी इंडियाचा पवित्रा हा त्यांच्या तक्रारीचा गाभा होता. 2013 मध्ये आयोगाने संस्थेचे वर्चस्व मान्य केले, परंतु वर्चस्वाचा गैरवापर सिद्ध झाला नाही असा निर्णय दिला. मात्र नियमन करणारी आणि स्पर्धा भरवणारी संस्था एकच असल्याने हितसंबंधांचा पेच निर्माण होतो, याकडे आयोगाने लक्ष वेधले. माझ्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म येथेच आहे. ज्याच्याकडे पैसा मागायचा, तोच निवड करणार आणि तक्रारीचा निवाडाही तोच करणार!

2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्यात क्रीडाविषयक वादांसाठी न्यायाधिकरणाची तरतूद आहे. तिचे मोल एकाच कसोटीवर ठरेल, ती म्हणजे तक्रार केलेल्या खेळाडूला वगळताना त्याचे कारण कागदावर लिहावे लागते की नाही. कारण लिहिण्याची सक्ती असती, तर ‘विश्रांती’ हा शब्द 1998 च्या विजेत्यांसाठी वापरण्याचे धाडस झाले नसते.