खुबा-दुर्विकास, श्वानांतील : शस्त्रोपचार
जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, रॉटवायलर यांसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांत खुब्याचा सांधा सैल राहून मांडीच्या हाडाचा गोल उखळीत नीट बसत नाही. पुढे संधिवात होतो. शस्त्रक्रियेची निवड मुख्यतः वयावर ठरते. सुमारे १२ ते १८ आठवड्यांच्या पिल्लात जघनास्थींच्या जोडावरील वाढती कूर्चा विद्युत्‌दाहाने जाळतात. तेथील वाढ थांबते, बाकीची श्रोणी वाढत राहते आणि उखळीचे छत गोलावर अधिक झुकते. शस्त्रक्रिया छोटी असली तरी त्या वयात पिल्लू बहुधा लंगडत नसते, म्हणून संधी हातची जाते. धोक्यातील जातींची पिल्ले भूल देऊन, सांध्याचा सैलपणा दाखवणाऱ्या ऑर्टोलानी चाचणीने वेळीच तपासणे म्हणूनच अत्यावश्यक आहे. अशा पिल्लाचे निर्बीजीकरणही करावे. सांधा सुधारला तरी आनुवंशिक दोष उरतोच.

साधारण ५ ते १० महिन्यांत, सांध्याची कूर्चा शाबूत असेल तरच, श्रोणी दोन किंवा तीन ठिकाणी कापून उखळ फिरवतात व धातूच्या पट्टीने स्थिर करतात. संधिवात जडल्यावर कृत्रिम सांधारोपण किंवा हाडाचा गोल काढून टाकणे उरते. दुसरा उपाय हलक्या कुत्र्यांना अधिक मानवतो.