कोल्ह्याला द्राक्षे आंबट

हाती न लागलेल्या गोष्टीला नावे ठेवणे म्हणजे इंग्रजीत ‘सावर ग्रेप्स’. आपण म्हणतो, कोल्ह्याला द्राक्षे आंबट! दोन्हींचे मूळ इसापाच्या गोष्टीत. मूळ ग्रीकमधला कोल्हा द्राक्षांना ‘कच्ची’ म्हणतो; आंबटपणा पुढच्या भाषांनी आणला, आणि मला तोच अधिक बोलका वाटतो. हा इसाप मराठीत कधी आला? सदाशिव काशिनाथ छत्र्यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ची. पण मराठी इसाप त्याआधी सुमारे वीस वर्षे छापला गेला, तोही कावेरीकाठी! तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि सख्खण पंडितांची ‘बालबोधमुक्तावली’ तिथे निघाली. मराठी मुद्रणाच्या इतिहासात तंजावरला पहिल्या पानावर जागा हवी.